कॅरियर उतरला, भोके उरली : वाहनाचा टप गंजापासून कसा वाचवावा

वाहनाच्या टपावरील कॅरियर काढण्यास एक पान्हा आणि अर्ध्या तासाचा अवधी बहुधा पुरेसा ठरतो. मात्र कॅरियर खाली उतरल्यानंतर पत्र्यात जी चार, सहा किंवा आठ भोके उरतात, त्यांचा प्रश्न अर्ध्या तासात सुटणारा नसतो. ही भोके घाईने बुजवली, तर पहिल्या पावसात काहीच जाणवत नाही. पुढे आतील अस्तरावर पिवळसर डाग उमटतात, पायाखालच्या गालिच्याला कुबट वास येऊ लागतो आणि रंगाखाली फुगवटे दिसू लागतात. तोपर्यंत गंज पत्र्यात मुरलेला असतो. वेळीच केलेल्या साध्या कामाऐवजी टपाचा भाग कापून नवा बसवण्याची वेळ वाहनमालकावर येते.

म्हणूनच कॅरियर काढणे हा या कामाचा आरंभ असून, भोक पाडताना उघडा पडलेला पोलादी पत्रा पुन्हा झाकणे हे त्यातील मुख्य काम होय.

कॅरियर बसवण्याच्या तीन पद्धती

भोके किती आणि कशी उरतील, हे कॅरियर कसा बसवला होता यावर अवलंबून असते. जुन्या पिढीतील अनेक वाहनांना टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ असे. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ओम्नी या वाहनांवरील कॅरियर बहुधा या पन्हळीला पकडीने आवळलेला असे. मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतलेल्या पद्मिनी टॅक्सीची काळी-पिवळी आकृती तर टपावरील कॅरियरशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. या पद्धतीत टपाला भोक पाडावे लागत नसे. तरी पकडीखालचा रंग घासला जाई आणि पन्हळीत माती साचून तेथेच गंज धरत असे. त्यामुळे अशा वाहनाचा कॅरियर काढल्यावर पन्हळ खरवडून स्वच्छ करणे व रंगवणे एवढे काम उरते.

दुसरी पद्धत कारखान्यातूनच बसवून आलेल्या दांड्यांची. येथे टपाच्या चौकटीत आधीपासून नट जोडलेले असतात आणि प्रत्येक बोल्टभोवती रबरी गादी असते. या जागा जलरोधक करण्याचा विचार आराखड्यातच झालेला असल्याने दांड्या काढल्यावर उरलेली भोके बंद करणे तुलनेने सोपे जाते. काही वाहनांवरील दांड्या केवळ शोभेच्या असतात व दुहेरी चिकटपट्टीने बसवलेल्या असतात. त्यांच्याखाली भोक असेलच असे नाही.

तिसरी पद्धत सर्वाधिक त्रासदायक. आधुनिक वाहनांना बाहेरची पन्हळ नसल्यामुळे बाजारात मिळणारा कॅरियर बसवताना गॅरेजमध्ये टपाला थेट ड्रिलने भोके पाडली जातात. कारखान्यात वाहनाच्या सांगाड्याला गंजरोधक लेप आणि रंगाचे थर दिले जातात, ते भोके पाडण्याच्या कितीतरी आधी. नंतर पाडलेल्या भोकाच्या कडेला यांपैकी कोणतेही संरक्षण नसते. ड्रिलचा कीस आतल्या पोकळीत पडून राहिला, तर तो स्वतः गंजतो आणि भोवतालच्या पत्र्यालाही गंज लावतो.

कॅरियर उतरवण्यामागील कारणे

बहुतेक वाहनांवरील कॅरियर वर्षातील मोजके दिवसच उपयोगात येतो आणि उर्वरित काळ रिकामाच हवा कापत राहतो. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळा येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, टपावरील कॅरियरमुळे एखाद्या वाहनाचा इंधनखर्च २५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. त्या देशात २०१५ या एका वर्षात अशा कॅरियरपायी सुमारे १० कोटी गॅलन, म्हणजे जवळपास ३८ कोटी लिटर पेट्रोल अधिक जळाल्याचा त्यांचा अंदाज होता. विजेवर चालणाऱ्या वाहनांत हाच हवेचा अडथळा एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर घटवतो.

याखेरीज वेगात होणारा शिट्टीसारखा आवाज, तळघरातील वाहनतळाच्या छताला लागणारी उंची, आणि कॅरियरच्याच गंजाचे टपावर उतरणारे ओघळ, ही कारणेही असतात. प्रवासी वाहन म्हणून धावलेली गाडी पुढे घरगुती वापरासाठी विकत घेणारेही बहुधा सर्वप्रथम कॅरियर उतरवतात.

भोकापासून गंजापर्यंत

मोटारीच्या टपाचा पत्रा साधारणतः ०.७ ते ०.८ मिलीमीटर जाडीचा असतो. त्यावर जस्ताचा लेप, प्रायमर, रंग आणि चकाकीचा पारदर्शक थर असतो. लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते. रंगाचे थर या दोघांना पत्र्यापासून दूर ठेवतात, तर भोकाची कापलेली कडा त्यांना वाट मोकळी करून देते.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे कडेला लागलेला गंज शेजारचा रंग खालून उचलतो, उचललेल्या रंगाखाली पुन्हा पाणी शिरते आणि गंज पुढे सरकतो. वॉशर किंवा बुचाखालील अरुंद फटीत पाणी अडकून राहते व सुकत नाही. अशा ठिकाणी गंजाचा वेग उघड्या पृष्ठभागापेक्षा अधिक असतो. वरून केवळ पट्टी चिकटवलेले किंवा सैल बूच ठोकलेले भोक कधी कधी उघड्या भोकाहून घातक ठरते, ते यामुळेच.

आत शिरलेले पाणी भोकाच्या बरोबर खाली ठिबकेल, असेही नाही. टपाखालील आडव्या पट्ट्या, तारांचे जुडगे आणि अस्तराची पाठ यांच्या आधाराने ते सरकत जाते आणि दिव्याच्या खोबणीतून, काचेलगतच्या खांबातून किंवा थेट पायाखाली प्रकट होते. अनेक वाहनांत फ्यूजची पेटी डॅशबोर्डखाली, तर एअरबॅगचे नियंत्रक यंत्र पुढील आसनांच्या मध्ये जमिनीलगत असते. तेथवर पाणी पोहोचल्यास प्रश्न डागाळलेल्या अस्तरापुरता राहत नाही, तो प्रवाशांच्या सुरक्षिततेचा होतो.

उतरवताना घ्यावयाची काळजी

काम सुरू करण्यापूर्वी टप धुऊन कोरडा करावा आणि बोल्टच्या भोवती कापडी चिकटपट्टी लावावी, म्हणजे पान्हा निसटल्यास रंगावर ओरखडा उमटत नाही. गंजलेल्या बोल्टवर गंज सैल करणारे तेल सोडून काही तास, शक्य असल्यास रात्रभर थांबावे. घाईने जोर लावल्यास बोल्ट तुटतो किंवा पत्र्यात बसवलेला नट बोल्टसह जागीच फिरू लागतो. नट फिरू लागल्यास पक्कडीने तो धरून ठेवावा. तेही शक्य नसल्यास बोल्टचे डोके ड्रिलने कापून काढावे. मात्र भोक मोठे होणार नाही आणि ड्रिलचे पाते आत खोल शिरणार नाही, याची दक्षता घ्यावी.

या दक्षतेला विशेष कारण आहे. आजच्या अनेक वाहनांत टपाच्या दोन्ही कडांना, अस्तराच्या आड पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग दुमडून ठेवलेल्या असतात. शेजारून तारा गेलेल्या असतात आणि सरकते काचेचे छत असल्यास त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याही तेथूनच जातात. अस्तर उतरवावे लागणार असेल, तर बॅटरीची जोडणी सोडवून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे आवश्यक आहे. एअरबॅगच्या परिसरातील काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घेणे हिताचे.

कॅरियर निघाल्यावर प्रत्येक भोक उजेडात तपासावे. कडा स्वच्छ व चकचकीत असेल तर काम सोपे आहे. तपकिरी पूड निघत असेल किंवा भोवतालचा रंग बोटाने दाबल्यावर तडकत असेल, तर गंज दिसतो त्याहून दूर पसरलेला असतो.

बुजवण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग परत फिरण्याचा. कॅरियर पुन्हा कधीतरी लागणार असेल आणि भोकात नट शाबूत असेल, तर त्याच मापाचा आखूड बोल्ट, खाली रबरी वॉशर आणि भोवती सीलंटचे कडे अशी रचना करावी. बोल्टची लांबी मोजूनच घ्यावी. लांब बोल्ट आतील अस्तराला, तारांना किंवा एअरबॅगला टोचू शकतो. कारखान्यातून आलेल्या दांड्यांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. त्याच मॉडेलच्या दांड्या नसलेल्या आवृत्तीत टपाच्या खाचेवर जी पट्टी किंवा जी बुचे बसवलेली असतात, ती अधिकृत सुट्या भागांच्या दुकानात मागवता येतात. ती मूळ मापाची असल्याने नीट बसतात आणि नजरेलाही खटकत नाहीत.

दुसरा मार्ग बुचाचा. नट नसलेल्या गोल भोकासाठी दोन ओठांचे रबरी बूच वापरले जाते. एक ओठ पत्र्याच्या वर, तर दुसरा खाली बसतो. बूच बसवण्याआधी भोकाची कडा बारीक सँडपेपरने घासावी. गंज असल्यास तो उघड्या धातूपर्यंत काढावा. खोलगट ठिपक्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लयुक्त गंजरूपांतरक लावून तो पूर्ण सुकू द्यावा. त्यानंतर कडेला इपॉक्सी प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा, व तो वाळल्यावरच सीलंट लावून बूच दाबावे. उघड्या धातूवर थेट बूच बसवणे ही या कामातील नेहमीची चूक होय. उन्हाने रबर काही वर्षांत ताठर होते, त्यामुळे दर पावसाळ्यापूर्वी बुचांची तपासणी आवश्यक ठरते.

तिसरा मार्ग कायमस्वरूपी. भोक धातूनेच भरून टप पूर्ववत करणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. लहान भोकाच्या मागे तांब्याची पट्टी धरून वेल्डिंगने ते भरता येते, कारण वितळलेले पोलाद तांब्याला चिकटत नाही. मोठ्या भोकात त्याच जाडीच्या पत्र्याची चकती बसवून तिच्या कडेला थोड्या थोड्या अंतराने, मधे थंड होऊ देत, वेल्डिंगचे टाके घालतात. सलग वेल्डिंग केल्यास पातळ पत्रा उष्णतेने वाकतो व टपावर कायमचा खळगा उमटतो. या कामापूर्वी अस्तर उतरवणे, बॅटरी सोडवणे आणि काचांवर ठिणगीरोधक आच्छादन घालणे अनिवार्य आहे. विजेवरील वाहनात उत्पादकाच्या सूचनेविना वेल्डिंग करूच नये. वेल्डिंगच्या उष्णतेने मागील बाजूचा जस्ताचा लेप जळून जातो, म्हणून आतल्या अंगालाही प्रायमर व गंजरोधक लेप द्यावा लागतो.

वेल्डिंग टाळायचे असल्यास पोलादी चकती आतून इपॉक्सी पॅनेल ॲडहेसिव्हने चिकटवून वरचा खळगा भरता येतो. दोन्ही पद्धतींत शेवटी पृष्ठभाग घासून प्रायमर, मूळ रंग आणि पारदर्शक थर असा क्रम असतो. दोन घटक मिसळून वापरावयाच्या रंगांत व पारदर्शक थरांत बहुधा आयसोसायनेट ही श्वसनास अपायकारक रसायने असतात. त्यांची फवारणी योग्य मुखवट्याशिवाय आणि बंदिस्त जागेत करू नये.

सीलंटची निवड

दुकानात सहज मिळणारे सर्वच सिलिकॉन या कामास चालत नाही. स्नानगृहाच्या फटींसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो आणि हे आम्ल उघड्या पोलादावर गंजाला निमंत्रण देते. शिवाय सिलिकॉनचा अंश पत्र्यावर राहिल्यास त्यावर रंग धरत नाही, त्यात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पुढे टप रंगवायचा असल्यास ही अडचण महागात पडते.

वाहनांच्या सांध्यांसाठी बनवलेले पॉलियुरेथेन सीलंट धातूला घट्ट धरते, लवचिक राहते आणि त्यावर रंगही देता येतो. हवेतील ओलाव्याने ते वरून आत घट्ट होत जाते. त्याचा वेग साधारणतः दिवसाला २ ते ४ मिलीमीटर असल्यामुळे एक-दोन दिवस वाहन पाण्यापासून दूर ठेवावे लागते. वॉशर किंवा पट्टीच्या खाली ब्युटाइलची चिकट पट्टीही उपयुक्त ठरते. ती कधीच पूर्ण कडक होत नाही, त्यामुळे पुढे भाग सोडवणे सोपे जाते.

लवचिकपणाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर उन्हात आहे. दीड मीटर लांबीचा पोलादी पत्रा तापमानातील ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ०.७ मिलीमीटर लांबतो. दुपारी तापलेला टप वळवाच्या पहिल्या सरीने काही मिनिटांत थंड होतो. त्यात रस्त्यावरील हादऱ्यांची भर पडते. नळजोडणीसाठी वापरली जाणारी कडक इपॉक्सी पुट्टी या ताणाने कडेपासून सुटते. गॅरेजमधील पॉलिएस्टर पुट्टी तर मुळात पृष्ठभाग सपाट करण्यासाठी असते. आधाराशिवाय थेट भोकात भरलेली अशी पुट्टी ओलावा शोषते, तिच्याखालील पत्रा गंजतो आणि वर्षा-दोन वर्षांत खपली निघून भोक पुन्हा उघडे पडते.

चाचणी आणि मोसम

सीलंट पूर्ण घट्ट झाल्यावर पाण्याची चाचणी घेतल्याविना काम पूर्ण झाले असे समजू नये. एकाने आत बसून बॅटरीच्या उजेडात पाहावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. धार जोराची नसावी, पावसासारखी संथ असावी. एकेका भोकावर काही मिनिटे पाणी वाहू दिल्यास गळती कोठून होते हे वेगळे ओळखता येते. अस्तर उतरवलेले असतानाच ही चाचणी घेणे उत्तम. भोकाभोवती आतून टिपकागद लावल्यास सूक्ष्म ओलही लपत नाही.

कामाचा मोसम प्रदेशानुसार ठरतो. पश्चिम किनारपट्टीवर व महाराष्ट्रात मेअखेरपर्यंत हे काम उरकावे, कारण ओल्या पृष्ठभागावर ना रंग धरतो ना सीलंट. चेन्नईसह तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडत असल्याने तेथे सप्टेंबरपर्यंत सवड मिळते. हिमालयीन भागात भोकात अडकलेले पाणी गोठून प्रसरण पावते आणि सीलंट उचलून धरते. तेथे हे काम हिवाळ्यापूर्वी व्हावे. समुद्रकाठच्या शहरांत हवेतील क्षारांमुळे गंज झपाट्याने पसरतो, म्हणून उघडे भोक काही दिवसही तसेच ठेवणे योग्य नाही. काम लांबणार असल्यास निदान प्रायमरचा हात देऊन त्यावर तात्पुरती जलरोधक पट्टी लावावी आणि ती लवकरात लवकर काढून पक्के काम करावे.

कायदा आणि व्यवहार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने निश्चित केलेल्या व नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. बाहेरून बसवलेला कॅरियर काढून टप पूर्ववत केल्याने वाहन उत्पादकाच्या मूळ रूपाच्या जवळ जाते. व्यावसायिक वाहनांच्या बाबतीत मात्र परवान्याच्या अटी पाहून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून खातरजमा करून घेणे श्रेयस्कर.

वापरलेले वाहन विकत घेणाऱ्यांनी टपाची तपासणी टाळू नये. रंगाच्या छटेतील फरक, बोटांना जाणवणारे उंचवटे, अस्तरावरील कडा असलेले डाग आणि गालिच्याखालील ओल ही बुजवलेल्या भोकांची लक्षणे होत. पातळ चुंबक कापडात गुंडाळून टपावर फिरवल्यास जेथे तो धरत नाही, तेथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असण्याची शक्यता असते. टप ॲल्युमिनियमचा किंवा काचेचा असल्यास मात्र ही कसोटी लागू पडत नाही.

भोके पाडणे काही मिनिटांचे काम असते, पण ती बुजवताना उघड्या कडेचा गंज काढणे, तिला रंगाचे कवच देणे, लवचिक सीलंटने फट मिटवणे आणि पाणी सोडून खात्री करणे हा क्रम पाळावा लागतो. त्यातील एखादी पायरी गाळल्यास उणीव लगेच दिसत नाही. ती दिसते तेव्हा बहुधा पावसाळा ऐन भरात असतो आणि दुरुस्तीसाठी आवश्यक असलेला कोरडा दिवस हाती नसतो.